वहीत कोणाचे नाव? : लैंगिक गुन्ह्यांच्या नोंदवह्यांचा आपल्याकडील इतिहास

मराठी वर्तमानपत्रांत नित्य भेटणारा एक शब्दप्रयोग आहे : ‘पोलिसांच्या रेकॉर्डवरील गुन्हेगार’. तो वाचताना आपण एक वही गृहीत धरलेली असते. ती कोणत्या चौकीत असते, तिच्यात नाव कशाने चढते, चढलेले नाव कधी उतरते का, आणि ती उघडून वाचण्याचा अधिकार कोणाला, हे बातमी सांगत नाही. वाचकही विचारत नाही. ‘हिस्ट्रीशीटर’, ‘सराईत’, ‘तडीपार’ हे शब्द आपल्या बोलण्यात असे रुळले आहेत की त्यांच्यामागे कायद्याची काही कलमे आणि लिहिणारा एक हात असतो, याचे भान सुटते.

लैंगिक गुन्ह्यांच्या संदर्भात मात्र गेल्या काही वर्षांत हा प्रश्न उघडपणे विचारला जाऊ लागला आहे. आपल्या गल्लीत राहायला आलेला माणूस कोण आहे, त्याने पूर्वी एखाद्या मुलावर अत्याचार केलेला आहे काय, हे आईबापांना कळू नये काय? अमेरिकेत कळते. मग छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे कालपरवापर्यंतच्या औरंगाबादेत, का कळू नये? या प्रश्नाला सामान्यतः दोन उत्तरे मिळतात. एक, आपली व्यवस्था अजून मागासलेली आहे. दुसरे, आपल्या राज्यकर्त्यांना इच्छा नाही. दोन्हींत तथ्याचा अंश असेल. परंतु दोन्ही उत्तरे असे धरून चालतात की अशी वही आपल्याकडे कधी नव्हतीच, आणि ही समजूत खरी नाही. संशयितांच्या लैंगिक वर्तनाची सरकारी नोंदवही या देशात अमेरिकेच्या कितीतरी आधी लिहिली गेली, आणि औरंगाबाद ज्या राज्यात होते त्या राज्याच्या कायद्यातही तिची तरतूद होती. तो इतिहास समोर ठेवल्याशिवाय आजच्या मागणीचा विचार पुरा होत नाही, असे आम्हांला वाटते.

प्रथम ज्या व्यवस्थेकडे बोट दाखवले जाते ती पाहू. अमेरिकेत राज्यभराची पहिली नोंदवही कॅलिफोर्नियाने १९४७ साली सुरू केली. १९९४ च्या वेटरलिंग कायद्याने सर्व राज्यांना अशा नोंदवह्या ठेवायला लावले. त्याच वर्षी न्यू जर्सी राज्याने, सात वर्षांच्या एका मुलीच्या हत्येनंतर, तिच्या नावाने ओळखला जाणारा ‘मेगनचा कायदा’ केला, आणि १९९६ साली तो देशभर लागू झाला. तोवर पोलिसांपुरती असलेली वही लोकांसमोर आली ती येथपासून. २००५ पासून सर्व राज्यांच्या नोंदी एकत्र शोधण्याची राष्ट्रीय सोय झाली, आणि २००६ च्या ॲडम वॉल्श कायद्याने गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार नोंदणीची मुदत पंधरा वर्षे, पंचवीस वर्षे आणि जन्मभर अशी तीन पायऱ्यांत ठरवली. रहिवासी नावाने शोधतो, टपाल विभागाच्या क्रमांकाने शोधतो, किंवा आपला पत्ता देऊन त्याभोवतीचे काही मैलांचे वर्तुळ पाहतो. समोर छायाचित्र, राहण्याचे ठिकाण आणि गुन्ह्याचे कलम येते. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबालाही हे दार इतर रहिवाशांइतकेच उघडे आहे.

इंग्लंडने दुसरा मार्ग घेतला. १९९७ च्या कायद्याने शिक्षा झालेल्या व्यक्तीने आपले नाव-पत्ता पोलिसांना कळवणे बंधनकारक झाले, पण ती वही लोकांसाठी उघडली नाही. पुढे २००८ साली काही भागांत प्रयोग करून एक वेगळी योजना आणली गेली : एखाद्या विशिष्ट माणसाचा आपल्या मुलाशी संबंध येतो आहे अशी शंका असलेल्या पालकाने पोलिसांना विचारावे, पोलिसांनी चौकशी करून, आवश्यक वाटल्यास, त्या पालकालाच आणि त्याच्यापुरतेच सांगावे. अमेरिकेत यादी मिळते, इंग्लंडात उत्तर मिळते. हा फरक वरवर छोटा दिसतो. पुढे त्याच्याकडे परत यावे लागेल.

भारतात २० सप्टेंबर २०१८ रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने लैंगिक गुन्हेगारांचा राष्ट्रीय माहितीकोश सुरू केला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग तो सांभाळतो. आरंभी त्यात सुमारे ४ लाख ४० हजार नोंदी होत्या. बलात्कार, सामूहिक बलात्कार, मुलांवरील लैंगिक अत्याचार आणि छेडछाड या गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांची नावे, पत्ते, छायाचित्रे आणि बोटांचे ठसे त्यात आहेत. २००५ पासूनच्या नोंदी भरून त्या अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी राज्यांच्या पोलिसांवर टाकलेली आहे. मात्र हा कोश तपास आणि पडताळणी यांसाठी केवळ पोलीस यंत्रणेला उपलब्ध आहे. क्रांती चौकात राहणाऱ्या नागरिकाला तो उघडता येत नाही, सिडकोतल्या शाळेच्या मुख्याध्यापकालाही नाही.

पण वर म्हटल्याप्रमाणे ही आपली पहिली वही नव्हे. १८७१ साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याचा पहिला भाग आपल्याला ठाऊक असतो. संपूर्ण जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवणारा तो भाग. दुसऱ्या भागाची चर्चा मराठीत क्वचित होते. तो भाग कायद्याच्या भाषेत ‘हिजड्यां’विषयी होता. मुलांना पळवणे, त्यांचे लिंगच्छेदन करणे किंवा भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ खालील गुन्हे करणे, अशा कृत्यांचा ज्यांच्याविषयी ‘वाजवी संशय’ असेल, त्या सर्वांची नावे आणि राहण्याची ठिकाणे यांची नोंदवही स्थानिक सरकारने ठेवावी, असे त्यात सांगितलेले होते. नोंद झालेल्या व्यक्तीने स्त्रीवेषात रस्त्यावर दिसणे, सार्वजनिक जागी गाणे वा नाचणे हा गुन्हा ठरला. तिला दत्तक घेता येत नव्हते, मृत्युपत्र करता येत नव्हते, अज्ञान मुलाचे पालकत्व घेता येत नव्हते. नोंदीविरुद्ध तक्रार करण्याची वाट कागदावर होती, पण ती तक्रार ऐकणारा अधिकारी त्याच राजवटीचा होता.

त्या कायद्याची भाषा शांतपणे वाचावी. मुलांचे रक्षण हा त्याचा घोषित हेतू आहे. नाव, पत्ता, नोंद, बंधने ही त्याची साधने आहेत. म्हणजे आज ज्याला आपण लैंगिक गुन्हेगारांची नोंदवही म्हणतो तिचा जवळजवळ संपूर्ण आराखडा १८७१ मध्येच तयार होता. फरक एकच, पण सगळा इतिहास त्या एका फरकात आहे : वहीत नाव चढायला गुन्हा शाबीत व्हावा लागत नव्हता, संशय पुरत होता, आणि संशय तरी कोणाचा यायचा हे आधीच ठरलेले होते. एका समूहाचे दिसणे, वेष, गाणे आणि नाचणे हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा झाला. मुलांवर अत्याचार करणारा प्रतिष्ठित गृहस्थ त्या वहीत येण्याची शक्यताच नव्हती, कारण तो कायद्याने आधीच वहीच्या बाहेर ठेवलेला होता.

ब्रिटिश हिंदुस्थानात १९११ च्या नव्या कायद्याने गुन्हेगार जमातींवरील तरतुदी अधिक कठोर केल्या, मात्र त्यात हा दुसरा भाग राहिला नाही. त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी निजामाच्या हैदराबाद संस्थानाने तो आपल्याकडे आणला. फसली सन १३२९, म्हणजे इसवी सन १९१९ चा तो कायदा. शब्द जवळपास तेच : मुलांना पळवणे वा त्यांचे लिंगच्छेदन, अनैसर्गिक गुन्हे, वाजवी संशय, नाव आणि ठिकाण यांची नोंदवही. स्त्रीवेषात वा दागिने घालून रस्त्यावर दिसल्यास, किंवा सार्वजनिक जागी गायल्या-नाचल्यास, विनावॉरंट अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. ही नोंदवही हैदराबाद शहरासाठी होती, आणि सरकार ज्या ज्या ठिकाणी हा कायदा खास लागू करील त्या प्रत्येक ठिकाणासाठी. औरंगाबाद तेव्हा त्या संस्थानाच्या एका सुभ्याचे मुख्य ठाणे होते. म्हणजे या शहरावर तो कायदा लागू होण्यासाठी सरकारच्या एका हुकुमाचीच काय ती गरज होती.

१९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि औरंगाबादचा हैदराबादशी असलेला राजकीय धागा तुटला. परंतु तेलंगणाच्या भागात तो कायदा पुस्तकात राहिला. संविधान आले, आंध्र प्रदेश झाले, तेलंगण वेगळे झाले, तरी राहिला. तेलंगण उच्च न्यायालयाने तो समतेच्या आणि जीवित-स्वातंत्र्याच्या मूलभूत हक्कांविरुद्ध ठरवून रद्द केला तो ६ जुलै २०२३ रोजी. एकशे चार वर्षे! यापेक्षाही विचारात पाडणारी गोष्ट शेजारच्या कर्नाटकात घडली. तेथे २०११ साली पोलीस अधिनियमात ३६-अ हे कलम नव्याने घालण्यात आले, आणि त्यात हिजड्यांची नावे व ठिकाणे यांची नोंदवही ठेवण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांना दिला गेला; कारणे पुन्हा तीच, १८७१ चीच. विरोधानंतर पुढे त्या कलमातला शब्द बदलावा लागला. वहीचे शब्द माणसांपेक्षा दीर्घायुषी असतात, हे यावरून दिसते.

दुसऱ्या एका नोंदवहीचीही येथे आठवण ठेवली पाहिजे. १८६८ च्या सांसर्गिक रोगांच्या कायद्याने वेश्याव्यवसाय करणाऱ्या स्त्रियांची नोंदणी आणि सक्तीची वैद्यकीय तपासणी सुरू केली. मुंबईत तो कायदा १८७० पासून काही काळ आणि पुन्हा १८८० च्या दशकात अमलात होता. १८८८ साली तो मागे घेण्यात आला. गोऱ्या सैनिकांचे आरोग्य हे त्याचे कारण. त्या वहीत स्त्रियांची नावे होती, त्यांच्याकडे जाणाऱ्या एकाही पुरुषाचे नव्हते. हिजड्यांची वही आणि वेश्यांची वही या दोन्ही शेजारी ठेवल्या की वसाहतकालीन सत्तेला लैंगिक गुन्ह्याचा उगम कोठे दिसत होता ते स्पष्ट होते. ज्याच्याजवळ घर, जात, पैसा वा गणवेश होता त्याच्या वर्तनाची वही कोणी घातली नाही.

अमेरिकेचा इतिहासही याबाबत फार निराळा नाही. कॅलिफोर्नियाच्या १९४७ च्या वहीत सुरुवातीची कित्येक वर्षे परस्परसंमतीने संबंध ठेवणारे समलिंगी पुरुष मोठ्या प्रमाणावर नोंदवले गेले. मुलांच्या रक्षणासाठी उघडलेली वही पोलिसांच्या हाती आल्यावर प्रथम कोणाच्या नावाने भरते, या प्रश्नाचे उत्तर दोन खंडांवर सारखेच आले आहे.

नोंदवहीत जन्मणे म्हणजे काय, हे मराठी साहित्याने आपल्याला सांगितलेले आहे. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) ही आत्मकथने आपण दलित आणि भटक्या-विमुक्त साहित्याच्या अभ्यासक्रमात वाचतो. ‘उचल्या’ तर मराठवाड्याच्याच मातीतले, लातूरकडचे. गुन्हेगार जमातींचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला आणि ‘गुन्हेगार’ जमाती ‘विमुक्त’ झाल्या. परंतु मुक्ती मिळाली ती कायद्याच्या पुस्तकातून. चौकीच्या स्मरणातून नव्हे. १९५९ च्या सराईत गुन्हेगारांच्या मुंबई कायद्याने जुन्या वहीचा बराच कारभार नव्या नावाने चालू ठेवला. ‘उचल्या’ वाचताना आपण गरिबीवर आणि भाषेवर बोलतो. पण त्या पुस्तकाच्या मुळाशी एक सरकारी दप्तर आहे, ज्यात बाळाच्या जन्माआधीच त्याच्या गुन्ह्याची जागा राखून ठेवलेली आहे, हे विद्यार्थ्यांना सांगायला हवे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला. म्हणजे तोवर तो रकाना होता.

आतापर्यंत नाव लिहिण्याचा इतिहास झाला. नाव न लिहिण्याचाही एक इतिहास आहे, आणि तो महाराष्ट्रात सुरू होतो. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला उभा राहिला. आरोपी दोन पोलीस होते. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र, मुलीने प्रतिकार केल्याच्या खुणा नाहीत अशा स्वरूपाच्या कारणांनी, त्यांना सोडून दिले. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि देशातल्या स्त्री-चळवळीला एक नवा आरंभ मिळाला. कायद्याच्या ग्रंथांत हा खटला ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने आहे. चळवळीच्या आणि लोकांच्या तोंडी मात्र तो कायम त्या मुलीच्या नावाने राहिला. सुटलेल्या पोलिसांची नावे विस्मरणात गेली, तिचे नाव पाठ्यपुस्तकांत गेले.

त्या चळवळीतून १९८३ साली बलात्काराच्या कायद्यात ज्या सुधारणा झाल्या, त्यांतच कलम २२८-अ आले : पीडितेची ओळख प्रसिद्ध करणे हा गुन्हा. आज तेच तत्त्व भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे. ११ डिसेंबर २०१८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की केवळ नाव टाळणे पुरेसे नाही. ज्या तपशिलावरून ओळख पटेल असा कोणताही तपशील देता कामा नये. देसाईगंजच्या खटल्याने आणखी एक गोष्ट शिकवली आहे, जी नोंदवहीच्या चर्चेत विसरली जाते. अपराध घडल्याचा आरोप होता तो पोलीस ठाण्यात. सराईतांची वही जेथे ठेवलेली असते त्याच इमारतीत.

या दोन इतिहासांची, लिहिण्याच्या आणि झाकण्याच्या, गाठ २०१८ च्या सप्टेंबर महिन्यात पडलेली दिसते. ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना मुक्त केले. म्हणजे १८७१ च्या वहीचा मुख्य आधारच काढून घेतला. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० सप्टेंबरला, शिक्षा झालेल्या लैंगिक गुन्हेगारांचा राष्ट्रीय कोश सुरू झाला. आणि २५ सप्टेंबरला त्याच न्यायालयाने निवडणुकीच्या उमेदवारांनी आपल्यावरील गुन्हेगारी खटल्यांची माहिती वर्तमानपत्रांतून आणि अन्य माध्यमांतून प्रसिद्ध केली पाहिजे, असा आदेश दिला. एका महिन्यात एक जुनी वही निराधार झाली, एक नवी बंद वही उघडली, आणि एक तिसरी सर्वांसाठी खुली ठेवण्याचा हुकूम झाला.

आता आजच्या छत्रपती संभाजीनगरातील रहिवाशाला प्रत्यक्षात काय शोधता येते ते पाहू. लैंगिक गुन्हेगारांची नावे दाखवणारी कोणतीही सार्वजनिक यादी त्याला मिळत नाही. न्यायालयांच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने जिल्हा न्यायालयातील खटला शोधता येतो. पण त्यासाठी नाव ठाऊक हवे, आणि नावाचे एकेक स्पेलिंग करून पाहावे लागते. एकाच नावाची आणि आडनावाची अनेक माणसे एका तालुक्यात असतात; सापडलेला खटला शेजाऱ्याचाच आहे याची खात्री ते पान देत नाही. पोलिसांनी नोंदवलेले गुन्ह्यांचे प्रथम खबरी अहवाल चोवीस तासांत संकेतस्थळावर ठेवावेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा ७ सप्टेंबर २०१६ चा आदेश आहे. पण लैंगिक गुन्ह्यांसारखे संवेदनशील अहवाल त्यातून वगळलेले आहेत. घरमालक भाडेकरूची माहिती पोलिसांना देतो, पण ती जाते पोलिसांकडे, परत येत नाही. नोकरीसाठी चारित्र्य पडताळणीचा दाखला लागतो. तो ज्याचा असतो त्याने अर्ज करून मिळवायचा असतो. एखाद्याला पोलीस कायद्याखाली तडीपार केले, तर हद्दपारीची मुदत जास्तीत जास्त दोन वर्षांची असते, आणि तो माणूस ज्या गावी जाऊन राहतो तेथल्या लोकांच्या वाट्याला काय येते, याचे उत्तर ‘तडीपार’ या शब्दातच नाही.

मग नागरिकाला नावाने उघडून पाहता येईल असे गुन्ह्यांचे दप्तर आहे तरी कोणते? ते आहे निवडणुकीच्या उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र. त्यात त्याच्यावरचे प्रलंबित खटले, कलमे आणि झालेल्या शिक्षा त्याने स्वतः लिहायच्या असतात. १८७१ च्या वहीशी याची तुलना करून पाहावी. तेथे सत्तेने दुबळ्याचे नाव लिहिले होते. येथे सत्ता मागणाऱ्याला स्वतःची नोंद स्वतः लिहून लोकांसमोर ठेवावी लागते. भारतातील नोंदवह्यांच्या इतिहासात इतके उलटे वळण दुसरे नसेल. दुर्दैव एवढेच की शेजाऱ्याची यादी मागणारा मतदार ही उपलब्ध असलेली वही फारशी उघडत नाही.

आता मूळ मागणीकडे येऊ. आईबापांची भीती खोटी नाही. तिला उत्तर दिलेच पाहिजे. आंध्र प्रदेशाच्या विधानसभेने २०१९ च्या डिसेंबरात संमत केलेल्या ‘दिशा’ विधेयकात स्त्रिया आणि मुलांविरुद्धच्या गुन्हेगारांची नोंदवही जनतेसाठी खुली करण्याचा विचार होता. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०२१ च्या डिसेंबरात ‘शक्ती’ विधेयक संमत केले. दोन्हींना राष्ट्रपतींची संमती मिळून कायद्याचे रूप आले नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेतील घटनेनंतर लोक रस्त्यावर आले तेव्हा, मुलांच्या जवळ कोणाला जाऊ दिले जाते आणि हे कोण तपासते, हा प्रश्न पुन्हा धगधगून उठला.

पण यादी जशीच्या तशी लोकांसमोर टाकली तर काय होईल? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे एकच गोष्ट सांगतात : बलात्काराच्या नोंदवलेल्या गुन्ह्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. कोणी नातेवाईक, कोणी शेजारी, कोणी घरी येणारा-जाणारा. अशा स्थितीत खुल्या यादीत एका गावातील माणसाचे नाव, छायाचित्र, पत्ता आणि मुलांवरील अत्याचाराचे कलम छापले, की गावाला दुसरे नाव विचारावे लागत नाही. बापाचे नाव छापले की मुलीचे छापले जाते. काकाचे नाव छापले की पुतणीचे. कलम ७२ जे झाकते ते यादी उघडते. पाचशे उंबऱ्यांच्या गावात गुन्हेगाराची नोंद आणि पीडितेची नोंद या दोन वेगळ्या नोंदी राहतच नाहीत.

हे आपलेच गाऱ्हाणे आहे असे नाही. न्यू जर्सीच्या कायद्यानेही हा धोका ओळखला आहे : मध्यम धोक्याच्या गटातील ज्या गुन्हेगाराचा एकमेव गुन्हा घरातल्या व्यक्तीविरुद्धचा असतो, त्याचे नाव तेथे सामान्यतः संकेतस्थळावर दिले जात नाही. म्हणजे ज्या राज्यातून खुल्या यादीची कल्पना जगभर गेली तेथेही यादी घराच्या उंबरठ्यापाशी थांबते. परंतु आपल्याकडचे बहुसंख्य गुन्हे उंबरठ्याच्या आत किंवा त्याच्या अगदी जवळ घडतात. तेव्हा खुली यादी पीडितेला जपायची असेल तर तिला बहुसंख्य गुन्हेगार वगळावे लागतील. आणि कोणालाच वगळायचे नसेल तर पीडितेला उघडे पाडावे लागेल. यातून एक तिसरा परिणामही संभवतो : नाव बाहेर फुटेल या भीतीने घरचे लोक तक्रारच करणार नाहीत, आणि जी वही सर्वांना सावध करण्यासाठी उघडली तिच्यात मुळात नावच चढणार नाही.

शिक्षा भोगून आलेल्या माणसाचे काय, हा प्रश्न विचारणे लोकप्रिय नाही, तरी विचारला पाहिजे. फ्लोरिडातील मायामी येथे नोंद असलेल्यांना मुलांच्या वावराच्या जागांपासून अडीच हजार फुटांच्या आत राहण्यास मनाई झाली. शहरात जागाच उरली नाही, आणि २००७ ते २०१० या काळात अशा अनेकांची वस्ती ज्युलिया टटल या पुलाखाली झाली. त्यामुळे कोणते मूल अधिक सुरक्षित झाले हे सांगणे कठीण आहे. गावकुसाबाहेरच्या वस्तीचा अर्थ मराठी वाचकाला समजावून द्यावा लागत नाही.

म्हणून यादी आणि उत्तर यांतला जो फरक वर नोंदवला तो महत्त्वाचा ठरतो. पालकाला गावातल्या सर्व गुन्हेगारांची जंत्री नको असते; ज्या माणसाच्या हाती तो आपले मूल सोपवतो आहे त्या एका माणसाविषयी त्याला उत्तर हवे असते. आपल्या कायद्यात याचा पाया आहे. २०२० च्या ‘पॉक्सो’ नियमांनी शाळा, पाळणाघरे, क्रीडा प्रशिक्षण केंद्रे अशा मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेवर सर्व कर्मचाऱ्यांची, मग ते शिकवणारे असोत वा नसोत, कायम असोत वा कंत्राटी, ठराविक काळाने पोलीस पडताळणी करून घेण्याचे बंधन घातले आहे. राष्ट्रीय कोश त्यासाठीच वापरता येतो. पालकाला यादी शोधण्याचा हक्क आज नाही. पण ‘तुमच्या कर्मचाऱ्यांची पडताळणी कधी झाली?’ हे शाळेला विचारण्यापासून त्याला कोणीही अडवलेले नाही. शाळेने द्यायच्या उत्तरात कोणत्याही मुलीचे नाव गुंतलेले नसते.

आम्हांला जे म्हणायचे आहे ते एवढेच की कोणत्याही नोंदवहीला तीन प्रश्न विचारल्यावाचून तिचे स्वागत करू नये. नाव शाबीत गुन्ह्याने चढते की संशयाने? ती वाचणाऱ्याच्या हाती पीडितेचे नाव आपोआप लागते काय? आणि ज्याच्याजवळ सत्ता आहे त्याचे नाव त्या वहीत येऊ शकते काय? १८७१ ची वही आणि १९१९ ची निजामाची वही पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नावर नापास झाली. आज मागितली जाणारी खुली यादी दुसऱ्या प्रश्नावर अडखळते. २०१८ चा बंद कोश पहिल्या दोन प्रश्नांना बऱ्यापैकी उत्तर देतो. तिसऱ्याचे उत्तर कोशात नसते, ते ठाण्यात तक्रार लिहून घेणाऱ्याच्या लेखणीत आणि न्यायालयाच्या निकालात असते.

साहित्याच्या विद्यार्थ्याला येथे एक काम आहे. नोंदवही हीसुद्धा एक संहिता आहे. तिला निवेदक असतो, तो स्वतःचे नाव लिहीत नाही. तिच्यात पात्रे असतात, ती स्वतः बोलत नाहीत. आणि तिचा वाचक आधीच ठरलेला असतो. ‘उचल्या’ आणि ‘उपरा’ यांनी ज्या पात्रांना बोलते केले ती अशाच वह्यांतून उठून आलेली होती. तेलंगण उच्च न्यायालयात एकशे चार वर्षांनी जे घडले तेही तेच : वहीत ज्यांची नावे लिहिण्याची सोय होती त्यांनी स्वतःच्या नावाने याचिका दाखल केली. सरकारी दप्तर आणि आत्मकथन ही शेजारी ठेवून वाचण्याची सवय आपल्या वर्गांत लागली, तर पुढची नोंदवही उघडण्याची मागणी होईल तेव्हा ती कोणाच्या नावाने भरणार आहे, हे विचारणारे चार लोक तरी या शहरात असतील.